मुलाखतीचा खर्च : हात कुठे सैल सोडायचा, कुठे आखडायचा

नोकरीच्या मुलाखतीला फी नसते. तरीही लातूर, बुलढाणा, चंद्रपूर किंवा सावंतवाडीहून पुण्या-मुंबईला मुलाखतीसाठी निघालेल्या मुलामुलींच्या घरातून त्या आठवड्यात दीड ते पाच हजार रुपये सहज जातात. पहिल्याच मुलाखतीत काम होतं असंही नाही. तीन-चार फेऱ्या झाल्या की घरच्यांना तो आकडा बोचू लागतो. माझं स्पष्ट मत असं, की बहुतेक घरांत हा पैसा चुकीच्या ठिकाणी जातो. नवे बूट, चामडी फाइल, रिझ्युमे बनवून देणारा यांच्यावर खर्च होतो आणि आदल्या रात्रीच्या झोपेवर काटकसर केली जाते. रात्रभर एसटीच्या खिडकीला डोकं टेकून आलेली मुलगी सकाळी साडेदहाला कितीही हुशार असली, तरी तिची हुशारी समोरच्याला अर्धीच दिसते.

खाली दिलेले दुकानांचे आणि मुक्कामाचे दर ढोबळ आहेत. गावागणिक ते कमी-जास्त होतील. सरकारी दर आणि नियम मात्र नेमके दिले आहेत.

आधी निरोप खरा आहे का ते पाहा

तिकीट काढण्याआधीचं हे काम फुकट आहे आणि सर्वांत जास्त पैसे तेच वाचवतं. मुलाखतीचा मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आला आहे, की कंपनीचं नाव लावलेल्या साध्या जीमेलवरून, ते नीट वाचा. मेलमधला फोन नंबर बाजूला ठेवा, कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर काढा आणि तिथे विचारून घ्या. खरी कंपनी अशा फोनला रागावत नाही.

नोंदणी, ट्रेनिंग किट, लॅपटॉपची अनामत, गणवेश, वैद्यकीय तपासणी अशा कोणत्याही नावाखाली पैसे मागितले तर तिथेच थांबायचं. 'हे पैसे पहिल्या पगारात परत मिळतील' या वाक्याला फार मुलं फसतात, कारण परत मिळणारे पैसे गेले असं वाटतच नाही. प्लेसमेंट कन्सल्टन्सीला तिचं शुल्क साधारणपणे माणसं शोधणारी कंपनी देते. उमेदवाराकडून आधी पैसे घेणाऱ्या कन्सल्टन्सीच्या पायऱ्या उतरलेल्या बऱ्या. राज्य सरकारचं महास्वयम पोर्टल, केंद्राची नॅशनल करिअर सर्व्हिस आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे रोजगार मेळावे या सगळ्यांची नोंदणी मोफत आहे.

सरकारी नोकरीच्या नावाने होणारी फसवणूक ओळखायला एक माहिती पुरते. केंद्र सरकारच्या गट ब अराजपत्रित, गट क आणि गट ड या पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या आहेत. तलाठी भरतीत मुलाखत नाही, पोलीस शिपाई भरतीत नाही, आयबीपीएसच्या बँक क्लार्क भरतीतही नाही. तेव्हा यांपैकी कशासाठीही 'मुलाखतीत मार्क वाढवून देतो' म्हणणारा माणूस अस्तित्वातच नसलेली वस्तू विकतो आहे. त्याच्यासाठी शेत गहाण पडलेली कुटुंबं गावोगाव आहेत, म्हणून हे इतकं ठासून लिहितो आहे.

परदेशी नोकरीच्या मुलाखती मुंबईतल्या हॉटेलांत घेतल्या जातात. तिथे जाण्यापूर्वी एजंटचा परवाना क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात आणि त्याची पावती द्यावी लागते. नोकरीसाठी पर्यटक व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. थायलंडमध्ये चांगली नोकरी म्हणून निघालेले तरुण म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकले आणि मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. रात्र गेली की ती झपाट्याने कमी होते.

प्रवास आणि मुक्काम

इथे हात सैल सोडा, पण आधी एक मेल टाका. 'मी लातूरहून येणार आहे. पहिली फेरी व्हिडिओवर घेणं शक्य आहे का? नसेल तर दुपारी बारानंतरची वेळ मिळेल का?' एवढं विचारायला संकोच नको. दुपारची वेळ मिळाली तर मुक्कामाचा खर्च वाचू शकतो.

लातूर-पुणे हे अंतर सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत एसटीच्या साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे १० रुपये ५ पैसे असा दर ठरला. त्या हिशेबाने एका बाजूचे साडेपाचशे ते सहाशे रुपये होतात. मुलींना १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत निम्मं भाडं आहे, म्हणजे त्यांचं जाणं-येणं मिळून जेमतेम सहाशेत बसतं. खासगी ट्रॅव्हल्सचा दर शुक्रवार-रविवारी आणि सणांच्या तोंडावर दुप्पट होतो. मुलाखत सोमवारी असेल तर हे ध्यानात ठेवा. रेल्वेचं तत्काळ तिकीट स्लीपरसाठी आदल्या दिवशी सकाळी ११ ला सुटतं, जादा आकार १०० ते २०० रुपये असतो, आणि कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा मिळत नाही. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते आजच करून ठेवा, निरोप आल्यावर धावपळ नको.

शक्यतो आदल्या संध्याकाळीच पोचा. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर घर ऑफिसपासून किती लांब आहे ते बघा. हडपसरच्या मावशीकडून सकाळी हिंजवडीला पोचायचं म्हणजे पुण्याच्या रहदारीत दीड-दोन तास धरायला हवेत. साधी लॉज किंवा डॉर्मिटरी पुण्यात ५०० ते १,००० रुपयांत मिळते, मुंबईत थोडी महाग. मुलींसाठी पीजी चालवणाऱ्या अनेक बायका एक-दोन रात्रींसाठी ४०० ते ७०० रुपयांत खाट देतात, फक्त आधी फोन करून ठरवावं लागतं. रेल्वेचं कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल तर स्टेशनवरची विश्रांती खोलीही ऑनलाइन आरक्षित करता येते. ती बहुधा स्वच्छ असते, पाणी असतं आणि सकाळी आवरून निघायला सोयीची पडते.

शहरातल्या प्रवासाला शंभर ते तीनशे रुपये वेगळे ठेवा. शेवटच्या दोन किलोमीटरसाठी रिक्षा करायला मागेपुढे पाहू नका. घामाघूम होऊन पोचलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं स्वतःला सावरण्यातच घालवावी लागतात.

जाण्या-येण्याचा खर्च मिळतो का, हेही विचारा. नवख्यांना खासगी कंपन्या बहुधा देत नाहीत, अनुभवींना पुष्कळदा देतात. केंद्रीय लोकसेवा आयोग व्यक्तिमत्त्व चाचणीला दिल्लीबाहेरून येणाऱ्यांना रेल्वेच्या स्लीपर दर्जानुसार प्रवासखर्चाला हातभार लावतो. त्यासाठी तिकिटं जपून ठेवावी लागतात.

कागद आणि कपडे

फाइल साध्या प्लास्टिकची, चाळीस रुपयांची पुरे. गुणपत्रिका, पदवी, ओळखपत्र, अनुभवाचं पत्र यांच्या दोन-दोन झेरॉक्स, रिझ्युमेच्या पाच प्रती आणि पासपोर्ट आकाराचे फोटो धरून दोनशे रुपयांत काम होतं. मूळ कागद दाखवायचे, हातात परत घ्यायचे. कोणाकडेही ठेवून यायचे नाहीत. डिजिलॉकर मोफत आहे आणि त्यातली कागदपत्रं कायद्याने मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहेत. प्रवासात फाइल हरवली तर तोच आधार.

सरकारी मुलाखतीसाठी जात, उत्पन्न, अधिवास किंवा नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र काढायचं असेल, तर त्यासोबतच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक लागत नाही. ते शुल्क माफ आहे. तरी तहसीलच्या आवारात तो गळ्यात मारला जातो. साध्या कागदावर लिहून द्या, आणि सेवा केंद्रात भिंतीवरच्या दरपत्रकाबाहेर पैसे मागितले तर पावती मागा.

रिझ्युमेसाठी सायबर कॅफेवाला दोनशे-पाचशे घेतो, ऑनलाइन मंडळी तीन हजारांपर्यंत. दोघांकडेही जायची गरज नाही. वडिलांचा व्यवसाय, जात, धर्म, छंद हे सगळं काढून टाका. काय शिकलात, कुठे काय काम केलंत, कोणतं यंत्र किंवा सॉफ्टवेअर स्वतःच्या हाताने चालवता येतं, हे एका पानात लिहा. नवख्या उमेदवाराला दुसऱ्या पानाची गरज नसते.

कपड्यांबद्दल थोडक्यात. असलेला सर्वांत नीट बसणारा फिकट शर्ट आणि गडद पँट, किंवा साधा सुती सलवार-कमीज, धुऊन इस्त्री केलेला. इस्त्रीचे वीस-तीस रुपये द्या. नवे घ्यायचेच असतील तर शर्ट-पँट मिळून दीड ते अडीच हजार आणि बूट हजाराच्या आसपास, यापुढे जाऊ नका. नवे बूट आठवडाभर घरात घालून मगच निघा. कोट शिवू नका. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत तो कोणी मागत नाही.

तयारी, जी जवळपास फुकट आहे

मुलाखत जिंकली जाते ती इथे, म्हणून यावर थोडं सविस्तर.

ज्या कामासाठी जाता त्याचे हातातले तपशील पक्के करा. चाकणच्या कारखान्यात क्वालिटीच्या जागेसाठी गेलेल्या डिप्लोमावाल्या मुलाला मायक्रोमीटरचं लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर आणि नेहमीच्या व्हर्नियरचं ०.०२ हे झोपेतही सांगता आलं पाहिजे, आणि ड्रॉइंगवरची टॉलरन्स वाचता आली पाहिजे. अकाउंटंटच्या जागेला जाणाऱ्या बी.कॉम. मुलीला दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत जातं, बँक रिकन्सिलिएशनमध्ये फरक कशाकशाने येतो, हे माहीत हवं. मुलाखत घेणारा बहुधा तुमचा होऊ घातलेला साहेब असतो. पहिल्या आठवड्यात या मुलाला किती शिकवावं लागेल, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. 'मी मेहनती आहे' या वाक्यातून त्याला ते कळत नाही. 'मी सहा महिने काकांच्या दुकानाच्या टॅली एंट्री केल्या, रोज साठ-सत्तर व्हाउचर' यातून लगेच कळतं.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर मोफत मिळतो. सगळा वाचू नका. कंपनी काय बनवते, कोणाला विकते, गेल्या वर्षी कुठे नवा कारखाना काढला, एवढं पहिल्या वीस पानांत सापडतं. छोट्या कंपनीबाबत तिथे काम करणारा एखादा ओळखीचा शोधा, कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांत तो हमखास निघतो.

मग बोलायचा सराव. 'स्वतःबद्दल सांगा' याचं दीड मिनिटाचं उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा ऐकताना अवघड वाटतं, पण 'अॅक्च्युअली' किती वेळा येतो, वाक्य कुठे अर्धवट सुटतं, हे दुसरं कोणी इतकं स्पष्ट सांगत नाही. पाचव्या-सहाव्या वेळी आवाज ठाम होतो. त्यानंतर घराबाहेरच्या माणसासमोर बसा: शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतले काका, कॉलेजमधल्या मॅडम. मित्रासमोरचा सराव हसण्यावारी जातो, परक्या ज्येष्ठासमोर घसा कोरडा पडतो, आणि तोच अनुभव आधी घेऊन ठेवायचा असतो.

इंग्रजीची धास्ती खरी आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. पहिली चार-पाच वाक्यं इंग्रजीत इतकी घोटून ठेवा की सुरुवात अडखळणार नाही. पुढे तांत्रिक मुद्दा अडला तर 'हे हिंदीत किंवा मराठीत समजावलं तर चालेल का?' असं विचारा. कारखान्यांत, बँकांत, हॉस्पिटलांत पुष्कळदा हो म्हणतात. अडखळत चुकीचं सांगण्यापेक्षा परवानगी घेऊन बरोबर सांगितलेलं समोरच्याला आवडतं.

आपल्याकडे आणखी एका प्रश्नाची तयारी लागते. पदवीनंतरची दोन-तीन वर्षं स्पर्धा परीक्षेत गेलेली हजारो मुलं आज खासगी नोकरीकडे वळत आहेत, आणि रिझ्युमेवरच्या त्या मोकळ्या जागेची त्यांना लाज वाटते. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. 'मी दोन वर्षं एमपीएससीची तयारी केली, एकदा पूर्व परीक्षा पास झालो, आता थांबायचं ठरवलं आहे' असं सरळ सांगा. खोटा अनुभव लिहू नका. कंपन्या जुन्या नोकरीची पडताळणी करतात आणि रुजू झाल्यावरही काढून टाकू शकतात. यानंतर 'पुढची जाहिरात आली की सोडून जाल का?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर मुलाखतीच्या खोलीत शोधायचं नसतं. घरी, आईवडिलांशी बोलून, खरं उत्तर आधी ठरवून जा.

क्लास लावावा का? खासगी नोकरीच्या मुलाखतीसाठी, माझ्या मते, नको. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग तीन ते पंधरा हजार घेतात, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि ते जे शिकवतात ते वर सांगितलेल्या सरावातून येतं. राज्यसेवा किंवा यूपीएससीचं गणित वेगळं आहे. यूपीएससीत एकूण २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे, आणि तिथे अनुभवी मंडळासमोर सराव उपयोगी पडतो. पण त्यालाही पैसे लागू नयेत. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतल्या उमेदवारांना मुलाखतीसाठी मोफत मार्गदर्शन देतात आणि मुंबईच्या राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्थेतही अभिरूप मुलाखती होतात. दिल्ली-पुण्याचे मोठे क्लासही अभिरूप मुलाखती फुकट घेतात, कारण यशस्वी उमेदवाराचा फोटो त्यांना जाहिरातीत वापरायचा असतो. तो उमेदवार फक्त मोफत मुलाखत मार्गदर्शनाला आला होता हे जाहिरातीत दडवल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अनेक क्लासना लाखांत दंड केला आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. तेव्हा फोटो पाहून फी भरू नका. भरली असेल आणि सांगितलेलं मिळालं नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही.

पगाराचा प्रश्न

'अपेक्षा किती?' या प्रश्नाला 'तुम्ही द्याल ते' म्हणणारी मुलं वर्षभर त्याची किंमत मोजतात. आधी घरी आकडेमोड करा. वार्षिक तीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला पंचवीस हजार हातात, असं घरात सगळे धरून चालतात. तसं होत नाही. मूळ वेतन निम्मं, म्हणजे १२,५०० धरलं तर कंपनीचा पीएफचा वाटा १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ६०० रुपये या पंचवीस हजारांतूनच जातात. उरलेल्यातून तुमचा पीएफचा वाटा १,५०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात येतात सुमारे २१,२००. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे, त्यामुळे मुलीला दोनशे जास्त. पॅकेजमध्ये 'व्हेरिएबल' म्हणून काही रक्कम असेल तर दरमहाचा आकडा आणखी खाली येतो. म्हणून वार्षिक आकडा ऐकला की 'यातलं निश्चित किती आणि हातात दरमहा किती?' हे नम्रपणे विचारा. बाँड आहे का, किती महिन्यांचा आणि मोडला तर किती भरावे लागतील, हेही तिथेच, आणि ऑफर लेटरमध्ये लेखी.

मुलाखतीपेक्षा मोठा खर्च निवड झाल्यावर येतो, आणि त्याची तयारी घरांत क्वचित असते. हिंजवडी किंवा चाकणजवळ दोघा-तिघांत वाटून घेतलेली जेवणासह जागा सात ते दहा हजारांना पडते, वर एक-दोन महिन्यांची अनामत. पहिला पगार हाती येईपर्यंत जागा, अनामत, प्रवास आणि वरखर्च मिळून वीस-पंचवीस हजार जवळ असावे लागतात. बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास पगाराचा हिशेब बंद होतो; त्यानंतर रुजू झालेल्याला त्या महिन्याचे दिवस पुढच्या पगारात मिळतात. रुजू होण्याची तारीख ठरवताना ही बंद होण्याची तारीख एचआरला विचारा, आणि शक्य असेल तर महिन्याची पहिली तारीख मागून घ्या.